बापाच्या फुफ्फुसांवर १९ मिनिटं

२६ मार्च १९५४, शुक्रवार. अमेरिकेतलं मिनियापोलिस शहर, मिनेसोटा विद्यापीठाचं रुग्णालय. ऑपरेशन थिएटरमध्ये दोन टेबलं शेजारीशेजारी मांडली होती. एकावर १३ महिन्यांचा मुलगा, वजन जेमतेम सात किलो. दुसऱ्यावर त्याचे वडील, अंगाने धडधाकट, काहीएक आजार नसलेले. दोघांच्या मधे एक पंप, कारखान्यात दूध किंवा तसले पातळ पदार्थ नळीतून पुढे ढकलायला वापरतात तसला. वडिलांच्या मांडीतून निघालेली नळी पंपातून मुलाकडे गेली होती आणि मुलाकडून निघालेली नळी त्याच पंपातून परत वडिलांच्या मांडीत आली होती.

मी हार्ट-लंग मशीन, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय आणि फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र, चालवतो. थिएटरात आम्हाला ‘पंपवाले’ म्हणतात, कागदावर परफ्यूजनिस्ट. सर्जन हृदयाशी झटत असतात तेव्हा त्यांच्या पाठीमागे बसून रुग्णाचं रक्त फिरवत ठेवायचं, एवढंच आमचं काम. त्या कामात एक भीती कायम सोबत असते ती हवेची, रक्तात हवा शिरून मेंदूत पोचली तर माणूस जाऊ शकतो. म्हणून हे प्रकरण मी सर्जनच्या नाही, पंपाजवळ बसणाऱ्याच्या नजरेने लिहितोय. त्या दिवशी आमच्या यंत्राच्या जागी एक जिवंत माणूस झोपवलेला होता.

दुखणं

मुलाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. डॉक्टर त्याला व्हीएसडी म्हणतात. आपल्याकडे आईवडील ‘हृदयाला भोक आहे’ एवढंच सांगतात, आणि ते बरोबरच असतं. डावीकडचा दाब जास्त, उजवीकडचा कमी. त्यामुळे अंगभर जायचं रक्त त्या भोकातून उजवीकडे घुसतं आणि पुन्हा फुफ्फुसात जातं. फुफ्फुसं ओली, जड होतात. बाळ दूध ओढताना मधेच थांबतं, धापा टाकतं, कपाळावर घाम येतो. वजन वाढत नाही. एक न्यूमोनिया सरतो न सरतो तोच दुसरा सुरू. मोठं भोक तसंच राहिलं तर फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड होत जातात आणि एका टप्प्यानंतर भोक बुजवूनही उपयोग नसतो.

या कुटुंबाला हे सगळं नवं नव्हतं. मुलाची मोठी बहीण अशाच दुखण्याने आधी गेली होती. पुढे वडिलांनी जी संमती दिली, ती वाचताना ही गोष्ट डोळ्यांआड करून चालत नाही.

१९५४ पर्यंत काय जमलं होतं

जन्मजात हृदयविकारावर सर्जरी त्याआधी १६ वर्षं चालू होती, पण जवळजवळ सगळी हृदयाच्या बाहेरून. १९३८ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची जन्मानंतर बंद व्हायची राहून गेलेली धमनी बांधली. त्यांचे वरिष्ठ तेव्हा सुट्टीवर होते. १९४४ मध्ये स्टॉकहोमला क्रॅफूर्ड यांनी महाधमनीचा अरुंद भाग कापून टोकं जोडली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला बाल्टिमोरला ब्लेलॉक यांनी एका निळ्या पडलेल्या मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसाच्या धमनीला जोडली. कल्पना मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची. कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया बसवणारे व्हिव्हियन थॉमस त्या दिवशी ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. थॉमस कृष्णवर्णीय होते, त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती, आणि श्रेय मिळायला त्यांना कित्येक वर्षं थांबावं लागलं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या तिन्ही शस्त्रक्रियांत हृदय आपलं काम करत राहिलं. भोक मात्र हृदयाच्या आत असतं. ते शिवायचं तर हृदय उघडायचं, उघडायचं तर त्यात येणारं रक्त अडवायचं, आणि अडवलं तर चारेक मिनिटांत मेंदू जायला लागतो.

यावर एक उपाय होता थंडीचा. टोरांटोत बिगेलो यांनी प्राण्यांवर दाखवलं होतं की अंग गार केलं की त्याची प्राणवायूची गरज उतरते. मिनेसोटा विद्यापीठातच जॉन लुईस यांनी २ सप्टेंबर १९५२ ला पाच वर्षांच्या मुलीला गार करून, रक्तप्रवाह साडेपाच मिनिटं अडवून, तिच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं भोक उघड्या डोळ्यांनी बघत शिवलं. मुलगी वाचली. पण वरच्या कप्प्यांमधलं भोक सापडायला सोपं आणि शिवायलाही सोपं असतं. खालच्या कप्प्यांमधलं भोक स्नायूंच्या दोऱ्यांत लपलेलं असतं, ते शोधण्यातच पाच मिनिटं जातात.

दुसरा उपाय यंत्राचा. त्याच विद्यापीठात क्लॅरेन्स डेनिस यांनी ५ एप्रिल १९५१ ला सहा वर्षांच्या मुलीला स्वतः बनवलेल्या हार्ट-लंग मशीनवर घेतलं. माणसावर असं यंत्र वापरण्याचा तो पहिला प्रयत्न. हृदय उघडल्यावर कळलं की निदान चुकलंय, आतलं व्यंग अपेक्षेपेक्षा फारच गुंतागुंतीचं आहे. मुलगी टेबलावरच गेली. पुढच्याच महिन्यात दुसरी केस. या वेळी यंत्राची रक्ताची टाकी रिकामी होत आल्याचं लक्ष ठेवणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही आणि पंपाने रक्ताच्या जागी हवा पुढे ढकलली.

हे वाक्य लिहिताना हात थबकतो. टाकीची पातळी बघणं हे माझ्या कामातलं पहिलं आणि शेवटचं काम. आज टाकीला सेन्सर चिकटवलेला असतो, पातळी खाली आली की भोंगा वाजतो आणि पंप आपोआप थांबतो. तरीही नवीन मुलाला शिकवताना पहिल्या दिवशी मी एकच सांगतो, भोंग्याच्या भरवशावर बसू नकोस, डोळे टाकीवर ठेव. १९५१ मध्ये भोंगा नव्हताच. होते ते एका माणसाचे डोळे.

६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी आपल्या यंत्रावर १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयाचं भोक शिवलं आणि ती वाचली. जवळजवळ वीस वर्षांच्या मेहनतीचं फळ होतं ते. त्यांच्या पुढच्या दोन लहान रुग्ण दगावल्या आणि गिबन यांनी ते काम थांबवलं. १९५४ च्या सुरुवातीला जगभरच्या प्रयत्नांची बेरीज अशी होती की यंत्रावर घेतलेल्या डझन-दीड डझन रुग्णांपैकी जगलेली नोंद ही एकच.

दोष कुणाचा

इथे या प्रकरणाचं खरं वळण आहे. एवढे मृत्यू पाहून बऱ्याच जाणकारांनी निष्कर्ष काढला की यंत्र ठीक आहे, दुबळं पडलेलं हृदय उघडल्यावर पुन्हा नीट चालूच शकत नाही. हा निष्कर्ष खरा असता तर पुढे काही करण्यात अर्थच नव्हता.

मिनेसोटा विद्यापीठातले ३५ वर्षांचे सर्जन वॉल्टन लिलेहाय यांना तो पटला नाही. त्यांचं म्हणणं उलटं होतं, हृदयाला दोष देऊ नका, यंत्रं वाईट आहेत. लिलेहाय हे साधं प्रकरण नव्हतं. चारच वर्षांपूर्वी त्यांच्या कानाजवळच्या लाळग्रंथीत कर्करोग निघाला होता आणि मानेपासून छातीपर्यंत मोठी चिरफाड होऊन ते वाचले होते. अशा माणसाचा धोक्याचा हिशेब इतरांपेक्षा वेगळा असतो का, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांच्याबद्दल वाचताना मनात येतंच.

त्यांच्या हाताशी हर्बर्ट वार्डन आणि मॉर्ली कोहेन हे दोन तरुण डॉक्टर होते. विद्यापीठाच्या मिलार्ड हॉल इमारतीच्या माळ्यावर कुत्र्यांवर प्रयोग चालायचे. तिथेच त्यांनी इंग्लंडमधल्या अँड्रियासेन आणि वॉटसन यांचं १९५२ चं काम पुढे नेलं. त्या दोघांनी पाहिलं होतं की कुत्र्याच्या हृदयाकडे येणाऱ्या दोन्ही मोठ्या शिरा बांधल्या आणि फक्त अझायगस नावाची पाठीकडची बारीक शीर मोकळी सोडली, तरी कुत्रं अर्धा तास तग धरतं आणि मेंदूला काही होत नाही. त्या शिरेतून येणारं रक्त नेहमीच्या प्रवाहाचा जेमतेम दहावा हिस्सा.

यंत्रवाल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की यंत्राने हृदयाएवढंच रक्त फिरवलं पाहिजे. त्यासाठी यंत्रं अवाढव्य झाली, त्यात रक्ताच्या बाटल्याच्या बाटल्या ओतायला लागायच्या, रक्त घुसळून त्याची नासाडी व्हायची. थोडक्या रक्तावर अर्धा तास निभत असेल तर हा सगळा डोलारा कशाला? मोठं यंत्र नको, छोटं पुरे. आणि प्रवाह इतका कमी पुरत असेल, तर तेवढं रक्त दुसरा माणूसही उसनं देऊ शकतो. पोटातलं बाळ नऊ महिने आईच्या फुफ्फुसांवरच तर जगतं.

कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांनी ते करून पाहिलं. उपकार करणारं कुत्रं आणि घेणारं कुत्रं, दोन्ही उठून चालायला लागली. यंत्रावरून उतरलेली कुत्री अशी उठत नसत.

वडील यंत्राहून चांगले कसे

हे मला माझ्या धंद्यातून चटकन कळतं. आज मी बाळाला पंपावर घेतो तेव्हा दर थोड्या वेळाने रक्ताचा नमुना काढतो. प्राणवायू किती, कार्बन डायऑक्साइड किती, आम्लता कुठे गेली, पोटॅशियम, साखर, रक्त गोठायला किती वेळ लागतोय, तापमान. यातलं काही हललं की मी नळ फिरवतो, औषध घालतो. १९५४ मध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी थिएटरात मोजताच येत नव्हत्या, मग सुधारणार काय? वडिलांच्या शरीराला मात्र काही मोजावं लागत नाही. मुलाचं काळपट रक्त त्यांच्या शिरेत शिरलं की त्यांची फुफ्फुसं प्राणवायू भरतात, मूत्रपिंड आणि यकृत बाकीचं निस्तरतात, बारीकसा बुडबुडा किंवा गुठळी आलीच तर फुफ्फुसाच्या जाळीत अडकते. असा ऑक्सिजनेटर, म्हणजे यंत्रातला रक्तात प्राणवायू भरणारा भाग, आजही बाजारात मिळत नाही.

आता आकडा बघा. सात किलोच्या बाळाला त्यांनी ठरवलेला प्रवाह किलोला साधारण २५ ते ४० मिली, म्हणजे मिनिटाला पाव लिटरच्या आसपास, एक पेलाभर. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फेकतं. वडिलांनी उसनं दिलं ते त्याचा विसावा भाग. जिना चढताना त्यांच्या हृदयावर याहून जास्त भार पडला असेल. हाच सात किलोचा मुलगा आज माझ्या पंपावर आला तर मी अंग गार न करता त्याला किलोला १०० मिलीच्या वरच ठेवेन. त्या काळच्या आकड्याने आज कुणी केस सुरूही करणार नाही.

पंपाची निवडही विचारपूर्वक होती. सिग्मामोटर नावाचा हा पंप नळीला एकामागून एक बोटांनी दाबत नेतो, गायीच्या आचळाला धार काढताना बोटं वळतात तसा. रक्त नळीबाहेर कशालाच लागत नाही. एका मोटरवर दोन नळ्या, एक जाणारी, एक येणारी. हे का महत्त्वाचं? समजा दोन्ही प्रवाहांत मिनिटाला ५० मिलीचा फरक पडला. १९ मिनिटांत जवळजवळ एक लिटर रक्त एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. वडिलांना ते कदाचित झेपेल. सात किलोच्या बाळाच्या अंगात मुळात रक्तच साडेपाचशे-सहाशे मिली असतं.

होकार

त्या काळात रुग्णालयात आजच्यासारखी नैतिकता समिती नव्हती. माणसांवरच्या प्रयोगांचे नियम सांगणारी न्यूरेम्बर्गची संहिता १९४७ ची, ती नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून आलेली. त्याच विषयावरचा डॉक्टरांचा हेलसिंकीचा जाहीरनामा यायला अजून दहा वर्षं होती. विद्यापीठात विरोध झाला. निरोगी माणसाला दुसऱ्यासाठी भूल देऊन टेबलावर घ्यायचं, तेही जी शस्त्रक्रिया अजून कुणाला जमलेली नाही तिच्यासाठी, यावर आक्षेप घेणारे लोक मूर्ख नव्हते. ज्या शस्त्रक्रियेत एका वेळी दोन माणसं मरू शकतात ती इतिहासातली पहिली शस्त्रक्रिया, मृत्युदर २०० टक्के, अशी थट्टाही झाली. शेवटचा शब्द सर्जरीचे प्रमुख ओवेन वांगेनस्टीन यांचा होता आणि त्यांनी हो म्हटलं.

वडिलांच्या होकाराबद्दल मला थोडं अडखळायला होतं. एक मूल आधीच गेलेलं, दुसरं रुग्णालयात धापा टाकतंय आणि डॉक्टर म्हणतात, तुमचा रक्तगट जुळतोय. अशा माणसापुढे ‘नाही’ हा पर्याय खरंच असतो का? मुलाला व्यंग आहे म्हणून मुलाच्या संमतीचा प्रश्न सगळे चघळतात. मला दुसऱ्या टेबलावरच्या माणसाचा प्रश्न जास्त अवघड वाटतो. आज यकृताचा तुकडा देणाऱ्या आईवडिलांसाठी वेगळे डॉक्टर, वेगळी मुलाखत आणि समितीची मान्यता लागते, ती याच अडचणीमुळे.

टेबलावर

लिलेहाय, त्यांचे सहकारी रिचर्ड वार्को, वार्डन आणि कोहेन. भूल देणारे दोन्ही टेबलांवर. वडिलांच्या जांघेखालची धमनी आणि शीर मोकळी करून त्यात नळ्या बसवल्या. मुलाची छाती उघडली, हृदयाकडे येणाऱ्या दोन मोठ्या शिरांतून त्याचं वापरलेलं रक्त वडिलांकडे वळवलं, आणि वडिलांचं लालभडक रक्त त्याच्या धमनीत सोडलं. दोघांनाही रक्त न गोठण्यासाठी हेपरिन दिलेलं होतं.

मग उजवा खालचा कप्पा कापून उघडला. हृदय धडधडतंच होतं. हृदय थांबवून निवांत शिवणं ही पुढची गोष्ट. आत थोडं रक्त येतच राहतं, ते ओढून घ्यायचं, भोक दिसलं की टाका, पुन्हा ओढायचं, पुन्हा टाका. भोक सापडलं. ते टाके घालून बुजवलं. कप्पा शिवला. पंप थांबवला, नळ्या काढल्या. बापलेकांची रक्तं एकमेकांत फिरली ती एकूण १९ मिनिटं. हृदय उघडलं की पुन्हा चालत नाही म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं होतं. ते चाललं.

वडील बरे झाले. मुलगा शुद्धीवर आला, पहिले दिवस बरे गेले. मग छातीत संसर्ग झाला आणि अकराव्या दिवशी न्यूमोनियाने तो गेला. शवचिकित्सेत दिसलं की भोक पूर्ण बंद होतं, टाके जागच्या जागी.

पुढचे सोळा महिने

आता या नोंदीचं करायचं काय? एका वाचकाला दिसेल की पहिला रुग्ण दगावला, थांबा. गिबन थांबले होतेच. लिलेहाय यांनी शवचिकित्सा वाचली ती अशी की शस्त्रक्रियेने आपलं काम केलं, मूल गेलं ते आधीच पोखरलेल्या फुफ्फुसामुळे. माझ्या मते हे वाचन बरोबर होतं. फक्त ते बरोबर होतं हे आपल्याला पुढचं माहीत असल्यामुळे इतक्या सहज म्हणता येतं.

एप्रिलच्या २० आणि २३ तारखेला, तीन दिवसांच्या अंतराने, दोन मुलांवर तशीच शस्त्रक्रिया झाली. दोन्ही घरी गेली. महिन्याअखेरीस वर्तमानपत्रांत बातमी झळकली. ३१ ऑगस्टला त्यांनी फॅलोट्स टेट्रालॉजी, म्हणजे ज्यात मूल निळं पडतं ते चौपदरी व्यंग, हृदयाच्या आत जाऊन पूर्ण दुरुस्त केलं. दहा वर्षांपूर्वी ब्लेलॉक यांनी त्याच व्यंगाला बाहेरून वळसा काढून दिला होता. त्या मुलाचा रक्तगट घरात कुणाशीच जुळला नाही, म्हणून दुसऱ्या टेबलावर एक परका माणूस झोपला, ज्याचं त्या मुलाशी कसलंच नातं नव्हतं.

आणि मग ऑक्टोबर. या वेळी रक्त उसनं देणारी दाता म्हणजे आजारी मुलीची आई होती. तिच्या शिरेत लावलेल्या बाटलीच्या वाटेने हवा शिरली आणि तिच्या मेंदूला गंभीर इजा झाली. दोन्ही माणसांना जोडणारा पंप, ज्याची सगळ्यांना धास्ती, तो व्यवस्थित चालत होता. बाटली रिकामी होत आल्याकडे कुणाचं लक्ष असायला हवं होतं, बस. १९५१ ची ती टाकी आणि १९५४ ची ही बाटली, माझ्या दृष्टीने एकच घटना आहे. वडिलांना किंवा आईला यंत्राच्या जागी ठेवून यंत्राचे जवळजवळ सगळे दोष काढून टाकले होते. बाटलीकडे बघणारा माणूस तेवढा तोच राहिला.

या प्रयोगाची आकडेवारी सांगताना एक वाक्य नेहमी येतं, की दात्यांमध्ये एकही मृत्यू नाही. वाक्य खरं आहे. पण त्या बाईची नोंद ‘मृत्यू’ या रकान्यात बसत नाही म्हणून ती त्या वाक्यात दिसत नाही, एवढंच त्याचं खरेपण. केस लिहिणाऱ्याने रकाने कुठले आखायचे हे आधीच ठरवलेलं असतं, आणि पुष्कळदा सगळं तिथेच ठरून जातं.

बाकीचे आकडे असे. २६ मार्च १९५४ ते १९ जुलै १९५५ या काळात ४५ रुग्ण. त्यातले २८ वाचून घरी गेले. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा २२ जण जिवंत होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. ज्या व्यंगांवर आदल्या वर्षापर्यंत हृदयाच्या आतून कुणाला फारसं काही करता येत नव्हतं त्यांचा हा हिशेब.

जे गेले त्यांच्यातल्या काहींच्या मृत्यूचं कारण टाक्यात होतं. खालच्या कप्प्यांना ठोके पोचवणारी बारीक तार, हिस बंडल, नेमकी या भोकाच्या काठाने जाते. टाका तिच्यात बसला की वरचे कप्पे एका तालात, खालचे भलत्याच संथ. आधी औषधांवर भागवलं. ३० जानेवारी १९५७ ला एका मुलीच्या हृदयाच्या स्नायूत तार खोवून तिला बाहेरून विजेचे ठोके दिले गेले. तो पेटारा भिंतीतल्या प्लगवर चालायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर शहरात वीज गेली आणि लिलेहाय यांनी वॉर्डातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन यांना बॅटरीवर चालणारं काहीतरी बनवून द्यायला सांगितलं. बॅकन यांची गॅरेजातली छोटी कंपनी होती, नाव मेडट्रॉनिक. मेट्रोनोमच्या, म्हणजे गाण्याचा ताल मोजायच्या खटक्याच्या सर्किटवरून त्यांनी चार आठवड्यांत हातात मावणारी डबी बनवली. कुत्र्यावर ती चालवून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले, तर ती डबी एका लहान मुलीला लावलेली होती.

दुसरं टेबल उचललं गेलं

हे सगळं चालू असताना १४० किलोमीटरवर, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन गिबन यांच्या यंत्रात सुधारणा करत होते. २२ मार्च १९५५ पासून त्यांनी ते मुलांवर वापरायला घेतलं. पहिल्या आठ रुग्णांपैकी चार वाचले. मेयोचं यंत्र नेटकं, महागडं आणि चालवायला माणसांची फौज लागणारं होतं. काही काळ हृदय उघडून शस्त्रक्रिया नियमितपणे करणाऱ्या जगातल्या दोनच जागा, आणि दोन्ही एकाच राज्यात.

लिलेहाय यांना दुसरं टेबल नको होतं. ऑक्टोबरनंतर तर नकोच. त्यांनी हे काम रिचर्ड डीवॉल या तरुण डॉक्टरवर टाकलं आणि असं सांगतात की, आधी कुणी काय लिहून ठेवलंय ते वाचू नकोस, अशी तंबी दिली. वाचलं असतं तर डीवॉल यांना पहिल्याच पानावर कळलं असतं की रक्तात बुडबुडे सोडायचे नसतात.

त्यांनी नेमकं तेच केलं. उभ्या नळीत खालून रक्त आणि सुयांमधून प्राणवायू सोडला. प्राणवायू रक्तातून बुडबुडत वर जातो, रक्त लाल होतं, फेस होतो. प्रश्न फेसाचा. वरच्या टोकाला सिलिकोनचा लेप, ज्याला लागला की बुडबुडा फुटतो. मग ते रक्त स्प्रिंगसारख्या वेटोळ्या घातलेल्या प्लास्टिकच्या लांब नळीतून सावकाश खाली उतरवायचं. बुडबुडा असलेलं रक्त हलकं, ते मागे वर तरंगत राहतं. निवळलेलं रक्त जड, ते तळाशी जातं. तळातून ते रुग्णाकडे. नळी मेयोनेजच्या कारखान्यात वापरतात त्या जातीची. फिरणारा एकही भाग नाही, काम झालं की फेकून द्यायची. मी धंद्यात आलो तेव्हा बुडबुड्यांच्या ऑक्सिजनेटरची पिढी मावळली होती, पण एका जुन्या सरांकडे असली एक वेटोळी नळी जपून ठेवलेली पाहिली आहे. हातात धरून वाकडी केली की आतलं पाणी सावकाश फिरत खाली यायचं.

१३ मे १९५५ ला डीवॉल यांची नळी पहिल्यांदा रुग्णासाठी भरली गेली. दोन महिन्यांनी, १९ जुलैला, दुसऱ्या टेबलावर शेवटचा माणूस झोपला.